सर्वसमावेशक मी आणि चटणीचा डबा

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी आठ

आज योगवर्गात माझ्या जागेवर दुसऱ्याची चटई होती.

हे वाक्य मी अत्यंत शांतपणे लिहीत आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये खांबाला लागून, पंख्याच्या बरोबर खाली जी जागा आहे ती प्रभात योग मंडळाच्या अध्यक्षांची, म्हणजे माझी. तसं कुठे लिहिलेलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हेही कुणी पाटी लावून सांगत नाही. (जानेवारीत पंखा बंद असतो, पण प्रश्न पंख्याचा नाही.) त्या जागेवर आज पुष्कर पसरला होता. पुष्कर म्हणजे आमचे योगशिक्षक भरतेश यांचा रूम पार्टनर. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतो. मी दोनदा खाकरलो. तो म्हणाला, काका, घसा धरलाय का, गरम पाणी पीत जा. काका! मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

शवासन चपलांच्या रॅकशेजारी केलं. मी मराठ्यांच्या जुन्या राजधानीच्या गावात राहतो. एवढ्याएवढ्याशा अतिक्रमणांतूनच राज्यं गेलेली आहेत.

नव्या वर्षाचे संकल्प: पहाटे साडेपाचला उठणे. राग न येऊ देणे. खांबाला पाटी लावणे.

२ जानेवारी, शुक्रवार

उठायला सात वाजले. थंडी.

विश्वजितचा फोन. विश्वजित म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सांगलीला योगकेंद्र चालवतो. त्याआधी भडंगाचं दुकान चालवायचा. त्याच्या केंद्राला पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचा 'सर्वांसाठी योग' सन्मान मिळाला. गे, लेस्बियन, तृतीयपंथी, एकूण क्विअर म्हणतात ती सगळी मंडळी त्याच्या वर्गात निर्धास्त येतात म्हणे. पेपरात फोटो. स्वानंदीने तो कापून फ्रिजवर लावला. माझा एकही फोटो आजवर फ्रिजवर गेलेला नाही. फ्रिज माझ्या पैशाचा आहे.

दुपारी ऑफिसातून चौकशी केली. यंदाचे अर्ज अजून घेतात. समिती रथसप्तमीला ठिकठिकाणचे सामुदायिक सूर्यनमस्कार बघत फिरते. लगेच अर्ज ठोकला. रथसप्तमी २५ तारखेला. तोवर आमचा वर्ग जिल्ह्यातला सर्वात सर्वसमावेशक झालाच पाहिजे. फ्रिजवर जागा आहे.

५ जानेवारी, सोमवार

अभ्यास सुरू. आद्याक्षरं पाठ करतोय. एल, जी, बी, टी, क्यू, आय, ए आणि शेवटी अधिकचं चिन्ह. ते अधिक मला फार आवडलं. म्हणालो, त्यात मीसुद्धा बसू शकतो. स्वानंदी म्हणाली, तुम्ही कशातच बसत नाही, पद्मासनातसुद्धा.

कोर्टाने या लोकांना मान्यता दिली त्याला बरीच वर्षं झाली. आज अध्यक्ष या नात्याने मीही दिली.

प्रश्न एकच. माणसं कुठून आणायची? तात्यांना विचारलं. तात्या म्हणजे निवृत्त सुभेदार, आमच्या पुरुषांच्या रांगेतले ज्येष्ठ. म्हणाले, "आवं साहेब, सारी उमर फौजेत घालवली, बरॅकीत माणसाला माणूस लागून झोपलो, पण तसला एक न्हाई दिसला." मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "म्हंजे आमी कवा बघितलंच न्हाई म्हना." पहिलं वाक्य उपयुक्त वाटलं, टिपून ठेवलं.

८ जानेवारी, गुरुवार

मंडळाची बैठक. माझा प्रस्ताव मांडला. सगळे चहात बिस्किट बुडवत होते, म्हणजे एकमत होतं.

भरतेश मात्र बोलला. मुलगा चांगला आहे. आष्ट्याचा जैन, एमआयडीसीत ड्राफ्ट्समन, सकाळी आमचा वर्ग घेतो. कुणाच्या पाठीला हात लावायचा तरी आधी विचारतो, इतका मुखदुर्बळ. आज म्हणाला, सर, वेगळं काही करायला नको. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे हे मोडून टाकू, ज्याला जिथं बसायचंय तिथं बसू दे. प्रवेशाच्या फॉर्मवर पती किंवा पत्नीचं नाव कशाला विचारायचं? फी थोडी उतरवू, कॉलेजची पोरं येतील. आणि कुणाचा तोल गेला की तात्या 'बायल्या' म्हणून ओरडतात, तेवढं थांबवू.

मी समजावलं. म्हटलं, भरतेश, तुझं मन साफ आहे, पण हा विषय अभ्यासाचा आहे. तुला यातलं काय कळणार? तो हसला. मागे पुष्करही हसला. उगाच हसायची या पिढीला सवय आहे.

माझी योजना एकमताने मंजूर. पुरुषांची रांग, बायकांची रांग आणि मागे चपलांच्या रॅकपाशी ऑइलपेंटने आखलेली तिसरी, 'सर्वसमावेशक रांग'. तिथे बसणाऱ्याला फी निम्मी. फक्त आपण त्यातले आहोत असं प्रतिज्ञापत्र आणि दोन पासपोर्ट फोटो. निम्म्या फीचा तोटा भरून काढायला बाकीच्यांची फी वाढवावी लागली. वर्ग परवडणारा करायचा तर खर्च येतोच.

बायकांच्या रांगेतल्या सुलाबाईंनी शंका काढली. "म्हंजे तितं बसला की समद्या गावाला कळणार व्हय, कोण काय हाय ते?" मी म्हटलं, यालाच पारदर्शकता म्हणतात.

९ जानेवारी, शुक्रवार

कालचं मनावर न घेता भरतेशने मला डबा आणून दिला. आईने आष्ट्याहून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. लसूण नाही, कांदा नाही आणि तरीही अशी चटणी! दोन भाकरी जास्त गेल्या.

डबा स्टीलचा. झाकणावर भांड्यांच्या दुकानात कोरून घेतात तशी अक्षरं: 'पुष्कर – भरतेश, ९.२.२१'. दोन ब्रह्मचारी आणि भांड्यांवर नाव-तारीख! काटकसर शिकावी तर या मुलांकडून. पाच वर्षं एक खोली, एक स्कूटर, एकच गॅस. खोली आमचे खजिनदार राजवर्धन यांच्या बंगल्यावर आहे. तेही म्हणतात, भाडं एक तारखेला हातात, आवाज नाही, मुलीबिलींचं येणंजाणं नाही. आदर्श.

स्वानंदीला झाकण दाखवलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, तुमचं जेवण झालं ना, मग उठा.

१२ जानेवारी, सोमवार

पोवई नाक्यावर फ्लेक्स लागला. 'क्विअर बंधू-भगिनींचे हार्दिक स्वागत! स्वागतोत्सुक', खाली मी, गॉगलमध्ये. इंद्रधनुष्य असं छापलंय की रंगाच्या दुकानाची जाहिरात वाटते. संध्याकाळी दोन जण एमुल्शनचा भाव विचारायला आले. हे आमच्याकडे आलेले पहिले बाहेरचे लोक.

भरतेशने आपला फोटो टाकू नका म्हणून विनवलं होतं. लाजाळूपणा. शेवटी नाव तेवढं टाकलं, तेही छोट्या अक्षरात. म्हटलं, अरे, घाबरतोस काय, तुला कोण त्यातला समजणार आहे?

१३ जानेवारी, मंगळवार

तिसऱ्या रांगेत माणूस! हॉलमध्ये शिरताना छाती भरून आली. जवळ गेलो तर तात्या. म्हणाले, दार जवळ पडतं, गुडघ्याला बरं. प्रतिज्ञापत्राशिवाय बसता येणार नाही म्हटलं. "काय परतिज्ञा करायची ती सांगा, करतो की. फी निम्मी हाय न्हवं?" उठवलं.

संकल्प: उद्यापासून साडेपाच. नक्की.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या धांदलीत मी भरतेशवर अन्याय करतोय. एकतीस वर्षांचा, निर्व्यसनी, कमावता, आणि कुणी त्याचं लग्नाचं बघत नाही. सांगलीच्या एका ओळखीच्या जैन घरातली मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. रविवारी आष्ट्याला जाऊन त्याच्या आईशी बोलायचं. भरतेशला सांगायचं नाही, सरप्राइज.

शिवाय चटणीचा डबा घरी पडून आहे. चटणी आईची, म्हणजे डबाही घरी गेला पाहिजे. रिकामा डबा परत करू नये. त्यात तिळाचे लाडू भरतो.

स्वानंदी म्हणाली, अहो, त्या दोघांना सुखाने राहू द्या. मी म्हटलं, दोघांना कुठं, मी एकट्या भरतेशचं बघतोय. ती कपाळाला हात लावून आत गेली. लाडू दिलेच नाहीत. बाजारातून विकत घेतले.

१८ जानेवारी, रविवार. परतीच्या एसटीत

अक्षर हलतंय, रस्ता तसा आहे.

आष्टा दौरा अपेक्षेपेक्षा यशस्वी. घरात आई आक्काताई आणि चुलते बाहुबली. वडील नाहीत, घर चुलत्यांच्या शब्दावर चालतं. दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, मला पाचलाच पान वाढलं.

मुलीचा विषय काढला. आक्काताई खाली बघून म्हणाल्या, तो न्हाई म्हणतोय, कितींदा इचारायचं. मी म्हटलं, मी त्याला तयार करतो, मुलगा हिरा आहे. आणि डबा पुढे केला. त्या म्हणाल्या, "ह्यो आमचा न्हवं. आमच्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव आस्तंय." बाहुबलींनी डबा घेतला, झाकण उजेडाकडे धरलं आणि मोठ्याने वाचलं. "ही तारीख कसली ओ?"

मग मी खुलून बोललो. त्या दिवसापासून दोघं एकत्र राहतात म्हणून असेल. पाच वर्षं एका खोलीत. डेंग्यू झाला तेव्हा पुष्करने रात्रंदिवस उशाशी बसून काढलं, कुणालाही हात लावू दिला नाही. एकाला यायला उशीर झाला तर दुसरा जेवत नाही. म्हटलं, अहो, लग्न झालेल्यांतही अशी जोडी सापडायची नाही!

सगळे एकदम गप्प. माझ्या बोलण्याचा असा परिणाम मंडळात कधी होत नाही. बाहुबली उठून अंगणात गेले आणि ट्रॅक्टरभोवती फेऱ्या घालू लागले. विचार करत असावेत.

निघताना आक्काताई फाटकापर्यंत आल्या. डबा घासून, पुन्हा चटणीने भरून, पदराआड. मागे वळून बघत हळूच म्हणाल्या, "भरतला द्या. म्हणावं, आईनं दिलंय. पुष्करालाबी दे म्हणावं. आन् चुलता येऊन काय बी बोलंल, ते माझं बोलणं न्हवं म्हणावं. येवढं सांगा, इसरू नका." दोनदा म्हणवून घेतलं. बायकांना निरोपांची फार हौस.

पेठ नाक्याला गाडी अर्धा तास थांबली. भूक. सोबत एक पाव होता. चटणी जरा चाखली.

१९ जानेवारी, सोमवार

डबा द्यायचा राहिला. वर्गाला पोचायला उशीर झाला, कालचा प्रवास. उद्या.

२० जानेवारी, मंगळवार

उद्या नक्की. चटणी टिकली आहे का ते बघायला थोडी खाल्ली. टिकली आहे. डबा ऑफिसच्या बॅगेतच ठेवलाय. घरी काढला तर आष्ट्याला काय काय झालं ते स्वानंदी विचारत बसेल.

२१ जानेवारी, बुधवार

अर्धाच उरला. अर्धा डबा देणं बरं दिसत नाही. काय करावं याचा विचार दुपारच्या डब्याबरोबर केला. विचाराअंती कमी उरली.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी शवासन चालू असताना दार धाडकन उघडलं. बाहुबली. आल्या आल्या भरतेशच्या अंगावर. "भांड्यावर नावं घालून संसार मांडलाय व्हय रं? गड्यासंगं? आमच्या घराण्यात!" आम्ही सगळे जमिनीवर आडवे. अशा अवस्थेत माणसाला मध्ये पडता येत नाही.

ते काय ओरडत होते ते कळायला मला जरा वेळ लागला. मी शवासन मन लावून करतो.

भरतेश एवढंच म्हणाला, काका, घरी जाऊन बोलू. बाहुबली म्हणाले, "कुठलं घर? तुझ्या आईनं तुझं नाव टाकलंय. म्हणली, मेला आसं समजीन." भरतेशने विचारलं, "आई असं म्हणाली?" ते म्हणाले, "तिच्या तोंडानं."

माझी बॅग दोन हातांवर होती. बॅगेत डबा. पण अशा गोंधळात निरोप सांगणं औचित्याला धरून झालं नसतं. शिवाय मी आष्ट्याला का गेलो होतो, हे सगळं आलंच असतं.

बाहुबली गेले. पुष्कर उठून उभा राहिला होता. भरतेशने त्याला हातानेच बस म्हणून खुणावलं. मग भरतेश आपल्या जागी येऊन, रोजच्याच आवाजात म्हणाला, सगळ्यांनी उजव्या कुशीवर वळा, घाई करू नका, सावकाश उठून बसा.

वर्ग उशिरा सुटला. ऑफिसला लेट मार्क.

त्याच दिवशी, संध्याकाळी

तातडीची बैठक. राजवर्धन म्हणाले, माझ्या वरच्या मजल्यावर हे चाललं होतं आणि मी आदर्श भाडेकरू म्हणून लोकांना सांगत फिरलो. महिनाअखेर खोली रिकामी. कुणी म्हणालं, आमची मुलं वर्गाला येतात. सुलाबाई म्हणाल्या, "त्यानं कवा कुनाला वंगाळ हात लावला न्हाई," पण त्या बोलत होत्या तेव्हा चहा आला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. अध्यक्षपद काट्यांचं असतं. ठराव मीच लिहिला: 'मंडळाच्या सर्वसमावेशक प्रतिमेच्या हितासाठी योगशिक्षक श्री. भरतेश यांना तूर्त विश्रांती देण्यात येत आहे.' भाषा संयमित आहे. हात वर झाले. तात्यांचा वर झाला नाही, खालीही नव्हता. त्यांच्या हातात कप होता.

भरतेशला व्हॉट्सअॅपवर कळवलं. शेवटी हात जोडलेला इमोजी घातला. निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. हल्लीच्या मुलांना शिष्टाचार नाही.

घरी आल्यावर स्वानंदीने विचारलं, बाहुबलींना कुणी सांगितलं? मी म्हटलं, काय कल्पना. मला तर यात विश्वजितचा वास येतोय. आमचा शिक्षक पळवायचा डाव.

२४ जानेवारी, शनिवार

उद्या समिती. तयारी जोरात. तिसऱ्या रांगेवर नवा रंग. उद्या सूर्यनमस्कार मीच घेणार. बारा मंत्र पाठ आहेत. सातवा आणि नववा मागेपुढे होतात, पण सूर्याला चालतं.

दुपारी चटणी संपली. डबा धुऊन बॅगेत ठेवला.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

समितीत दोन महिला आणि एक गृहस्थ. फ्लेक्स दाखवला. तिसरी रांग दाखवली. रंग ओला होता, गृहस्थांची पँट खराब झाली. मुख्य बाईंनी विचारलं, इथे कोण बसतं? मी म्हटलं, इथे बसणाऱ्यांसाठी राखीव आहे. म्हणाल्या, पण कोण बसतं?

सूर्यनमस्कार सुरू केले. दुसऱ्याच फेरीत खाली वाकलो आणि कंबरेत चमक भरली. ना वर, ना खाली. त्याच अवस्थेत बाईंचा प्रश्न कानावर आला, तुमचे शिक्षक कुठे आहेत? अर्जात तुम्ही त्यांच्याबद्दल फार चांगलं लिहिलंय, विचारल्याशिवाय कुणाला हात लावत नाहीत वगैरे. त्यांना भेटायलाच आलोय.

मी जमिनीकडे बघत म्हटलं, रजेवर आहेत.

मागून तात्यांचा आवाज. "रजेवर न्हाईत, काढलाय." काल रंगवलेल्या रांगेत पुन्हा बसले होते, पायजम्याला ऑइलपेंट लावून. "पोरगा पोरासंगं ऱ्हातोय म्हनून काढलाय. आमीच."

समितीने तिळगूळ घेतला नाही.

नंतर तात्यांना विचारलं, मग ठरावाच्या वेळी बोलला का नाहीत? म्हणाले, "तवा चहा चालला हुता." मग गुडघा चोळत म्हणाले, "माझा गुडघा त्या पोरानं सरळ केला. त्याच्या खोलीत कोन हाय ते बघाय मी येत न्हवतो." आणि चटई गुंडाळून गेले.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. कंबर. आडवा.

२९ जानेवारी, गुरुवार

वर्गाला मी, राजवर्धन आणि सुलाबाई. खांबालगतची जागा मोकळी होती. बसलो. बसल्यावर समोर काय दिसतं ते प्रथमच लक्षात आलं: फ्यूजबॉक्स.

३० जानेवारी, शुक्रवार

स्वानंदीने बॅगेतून टिफिन काढताना डबा काढला. धुतलेला, पुसलेला. झाकण वाचलं. विचारलं, हा आष्ट्याला दिला होता ना? मग परत कसा आला? कोणी दिला? भरून दिला होता का?

मी खोटं बोलत नाही. सगळं सांगितलं. निरोपही सांगितला, जसाच्या तसा; माझी स्मरणशक्ती उत्तम आहे.

ती ओट्याला धरून उभी राहिली. म्हणाली, त्या मुलाला आठ दिवस वाटतंय की आईला तो मेलेला हवाय. आणि तुम्ही तिची चटणी पावाला लावून खात होता?

मी म्हटलं, शेवटी शेवटी भाताबरोबर.

१ फेब्रुवारी, रविवार

राजवर्धनच्या बंगल्याची वरची खोली रिकामी. स्वानंदी काल माहेरी, सांगलीला गेली. फ्रिजवर विश्वजितचा फोटो आहे तसाच. दूध नासलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्वानंदीचा फोन. दोघं सांगलीला आलेत. विश्वजितने केंद्रामागची खोली दिली. भरतेश संध्याकाळचा वर्ग घेतो. रांगा नाहीत, फॉर्म नाही, ज्याला जमेल त्याने जमेल ते द्यायचं. एक बाई साडीत येते, एक मुलगा नखं रंगवून येतो, कुणी वळून बघत नाही. मी म्हटलं, या सगळ्या सूचना मुळात आमच्या मंडळाच्या बैठकीत आल्या होत्या. म्हणाली, हो ना.

भरतेश शिकवतो चांगलं, म्हणाली, पण जेवत नाही. आईचा फोन लागत नाही. चुलत्याने काढून घेतलाय. पुढे म्हणाली, मीच सांगणार होते त्याला निरोप, पण मग वाटलं, तुमच्याकडे दिलाय तो तुम्हीच द्या.

मी म्हटलं, बघतो, कंबर बरी झाली की.

८ फेब्रुवारी, रविवार

कंबर बरी आहे.

सकाळी साडेपाचला उठलो. कुणी उठवलं नाही.

शेंगदाणे आणले. भाजले. पहिला घाणा जळाला, फेकला. दुसरा बरा. तिखट, मीठ, जिरं, थोडी साखर. लसणाची गड्डी समोरच होती, ती उचलून बाल्कनीत ठेवली. मिक्सरला लावू नये, तेल सुटत नाही, असं भरतेश एकदा म्हणाला होता. खलबत्ता माळ्यावरून काढला. हाताला फोड आला.

९ फेब्रुवारी, सोमवार. सांगली

किरकोळ रजा टाकली.

आजची तारीख कॅलेंडरवर बघितली नाही. एसटीत डबा मांडीवर होता, तारीख कोरलेलं झाकण वर.

केंद्रामागची खोली. दार पुष्करने उघडलं. काका म्हणाला नाही, बाजूला झाला. आत स्टोव्हवर काहीतरी गोडाचं शिजत होतं. भरतेश भिंतीला टेकून बसला होता, बारीक झालाय. मी उभ्यानेच सांगितलं: आईनं दिलंय. पुष्करालाबी दे म्हणावं. चुलता येऊन काय बी बोलंल, ते माझं बोलणं न्हवं म्हणावं.

भरतेशने विचारलं, कधी म्हणाली?

अठरा तारखेला, म्हटलं.

तो भिंत सोडून ताठ बसला. मग म्हणाला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं, एक शब्द इकडे-तिकडे न करता. 'इसरू नका' हेही सांगितलं.

पुष्करने डबा उघडला, चिमूटभर तोंडात घातली. म्हणाला, ही आक्कांच्या हातची नाही.

मी म्हटलं, नाही.

मीठ जास्त आहे, तो म्हणाला.

मग त्याने चटणी बरणीत काढली, डबा नळाखाली धुतला, फडक्याने पुसला आणि फळीवर बाकीच्या भांड्यांत ठेवला.